घडी घालणाऱ्याच्या हातावर काय ठेवावे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत : पॅराशूटची घडी घालून ते पिशवीत भरणाऱ्या माणसाला, म्हणजे पॅकरला, बक्षिसी द्यावी का, किती द्यावी आणि कशी द्यावी. दहा वर्षांपूर्वी विदर्भातल्या खेड्यांतून असे प्रश्न आले नसते. आता आपली मुले-मुली हौसेने उडी मारून येतात, काही जण परदेशात राहून हा खेळ रीतसर शिकतात, आणि एका घरातला मुलगा तर हेच काम करू लागला आहे. मी स्वतः हवाई दलाच्या सेफ्टी इक्विपमेंट सेक्शनमध्ये अनेक वर्षे पॅराशूटच्या घड्या घातल्या असल्यामुळे या पत्रांना सविस्तर उत्तर द्यावे असे वाटले.

प्रश्न : आदरणीय काकाजी, मी मोर्शी तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि अमरावतीला नोकरी करते. हिवाळ्यात मी व माझा धाकटा भाऊ उज्जैनला जाऊन टँडम उडी, म्हणजे प्रशिक्षकाच्या अंगाशी पट्ट्यांनी जोडून घेऊन मारायची उडी, मारून आलो. खाली उतरल्यावर आनंदाच्या भरात मी प्रशिक्षकांना पाचशे रुपये दिले आणि त्यांनीही ते आनंदाने घेतले. निघताना मंडपाच्या कडेला दोन मुले गुडघ्यांवर बसून आमचीच पॅराशूट पुन्हा घडी घालून भरताना दिसली. त्यांच्याकडे कोणी बघतही नव्हते. त्यांनाही काही द्यावेसे वाटले, पण किती द्यावे आणि कसे द्यावे हे न कळल्याने तशीच निघून आले. घरी सांगितल्यावर बाबा म्हणाले, "ज्याच्या हाती आपला जीव असतो त्याला वरचे पैसे देऊ नयेत, त्याचा अपमान होतो." माझी रुखरुख मात्र जात नाही. माझे चुकले का?

उत्तर : ताई, तुम्ही परत फिरून त्या मुलांकडे पाहिलेत, हेच पुष्कळ जण करत नाहीत, त्यामुळे तुमचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण तुमची रुखरुख रास्त आहे आणि पुढच्या वेळी त्या मुलांच्या हातावर काहीतरी ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. का, ते समजण्यासाठी ती मुले नेमके काय करत होती हे आधी सांगतो.

टँडमचे मुख्य पॅराशूट दोन माणसांचे वजन पेलते, म्हणून ते फार मोठे असते. साडेतीनशे चौरस फुटांच्या आसपासचे हे कापड घरकुल योजनेतील घराच्या किमान क्षेत्रफळापेक्षाही जास्त भरते. ते नायलॉनचे असते आणि त्यातून हवा आरपार जाऊ नये म्हणून त्यावर लेप दिलेला असतो, त्यामुळे ते हातातून सटकते आणि पोटात हवा धरून फुगून राहते. पॅकर सर्वांत आधी सगळ्या दोऱ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने चाचपून एकही दोरी दुसरीवर चढलेली नाही, याची खात्री करतो. मग स्लायडर नावाचे चौकोनी कापड दोऱ्यांवरून पार वर, छत्रीच्या तळाशी नेऊन बसवतो. हे कापड वाऱ्याच्या जोराने हळूहळू खाली सरकते म्हणून छत्री एकदम न उघडता क्रमाने उघडते. ते वर नीट बसले नाही तर उघडतानाचा झटका माणसाला जबर दुखापत करू शकतो. त्यानंतर कापडाच्या घड्या नेमक्या क्रमाने पाडायच्या, अंगाचा सगळा भार टाकून आतली हवा काढायची, छत्री तिच्या पिशवीत कोंबायची, दोऱ्यांची वेटोळी रबरांमध्ये एकसारखी अडकवायची, आणि उडी मारल्यानंतर लगेच मागे सोडतात ती ड्रोग नावाची छोटी छत्री पुन्हा कामाच्या स्थितीत आणून ठेवायची. एवढे सगळे सरावलेला माणूस पंधरा-वीस मिनिटांत उरकतो, कारण पुढच्या फेरीचे लोक विमानाशी उभे असतात. दिवसभर हे गुडघ्यांवर, वाकून चालते.

आता मजुरीचे सांगतो. या खेळात पॅकरला बहुतेक ठिकाणी महिन्याचा पगार नसतो, तर प्रत्येक घडीमागे ठरलेला दर असतो. आपल्याकडे कापूस वेचणीला जसा किलोमागे भाव असतो आणि बाईने जेवढा वेचला तेवढाच तिच्या पदरात पडतो, तसाच हा हिशोब आहे. आभाळ आले, वारा वाढला किंवा पाऊस पडला की उड्या बंद होतात आणि त्या दिवशी पॅकरची कमाई शून्य होते. तुम्ही उडीसाठी जी रक्कम भरलीत, तिच्यातून विमानाचे इंधन, वैमानिक, प्रशिक्षक, साहित्य आणि जागा असा सगळा खर्च निघतो, आणि तिच्यातला अगदी लहान वाटा त्या मुलाकडे जातो. प्रशिक्षक तुमच्याबरोबर उतरतो, तुमच्या छायाचित्रात असतो आणि तुमचा आनंद त्याच्यासमोरच ओसंडतो, म्हणून हात आपोआप त्याच्याकडे जातो. पॅकर त्या वेळी तुमच्याकडे पाठ करून पुढच्या घडीत गुंतलेला असतो. अमेरिकेतही टँडम उडीनंतर प्रशिक्षकाला टिप देण्याची पद्धत रुजलेली आहे, आणि पॅकर मात्र तिथेही पुष्कळदा राहून जातो, म्हणून अनेक केंद्रांवर घड्या घालण्याच्या जागेजवळ त्यांच्यासाठी टिपचा वेगळा डबा ठेवलेला असतो.

तुमच्या वडिलांचे म्हणणे मी सहज बाजूला सारणार नाही. जीव राखणाऱ्याला पैसे दाखवणे त्यांना खटकते, याचा अर्थ त्या कामाची किंमत त्यांना कळते. पण त्यांना पोळ्याच्या दिवसाची आठवण करून द्या. बैल ओवाळून घेण्यासाठी गडी दारात येतो, तेव्हा घरची बाई बैलाची पूजा करते आणि गड्याच्या हातावर बोजारा ठेवते. त्याची सालाची मजुरी वेगळी ठरलेली असते आणि बोजारा देऊन कोणी ती फेडत नाही. वर्षभर ज्याने जनावर जपले त्याचा तो मान असतो, आणि आजवर कोणा गड्याला त्यात अपमान वाटलेला मी पाहिला नाही. पॅकरला द्यायची बक्षिसी मी याच जातीची मानतो.

मात्र बोजारा पोळ्यालाच दिला जातो, नांगरणीच्या आदल्या दिवशी नाही, आणि इथेही वेळ फार महत्त्वाची आहे. पैसे उडीनंतरच द्यावेत. उडीपूर्वी दिलेल्या नोटेचा अर्थ "माझी घडी जरा नीट घाला" असा होतो, आणि हा अर्थ प्रामाणिक पॅकरला खरोखरच लागतो, कारण एकाची घडी नीट आणि दुसऱ्याची तशीच, असा भेद त्याच्या कामात असूच शकत नाही. किती द्यावे याचा आपल्याकडे रूढ आकडा नाही. माझ्या मते प्रत्येक उडीमागे शंभर ते दोनशे रुपये योग्य होतील. प्रशिक्षकाला पाचशे दिल्यावर पॅकरला दहाची नोट देऊ नये. दोघे-तिघे मिळून काम करत असतील, तर आधी विचारावे की बक्षिसी एकत्र जमा होते की ज्याची त्याला. प्रशिक्षकाच्या हातून "त्यांनाही द्या" म्हणून पाठवू नये, स्वतः जावे. रोख द्यावे, हाताखाली घडी असताना त्याला मोबाइल काढून क्यूआर कोड दाखवायला लावणे बरे नाही.

आणि हे पैशांपेक्षाही आधी पाळायचे आहे : घडी चालू असताना त्याच्याशी बोलू नये. एक टप्पा पुरा होऊन तो मान वर करेपर्यंत थांबावे. पसरलेल्या कापडावर पाय देऊ नये, त्याच्या कडेने चहाचा कप घेऊन फिरू नये, आणि आपल्या भागातल्या मंडळींना हात जोडून सांगतो की तोंडात खर्रा असताना त्या चटईच्या आसपासही जाऊ नये. त्या मुलांची पुन्हा भेट होणे कठीण असले, तरी ज्या केंद्रावर तुम्ही नोंदणी केली होती तिथे फोन करून, अमुक दिवशी आमच्या पॅराशूटच्या घड्या घालणाऱ्यांना आमचे आभार सांगा, एवढे म्हणता येईल. हा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचतो आणि पुष्कळ दिवस लक्षात राहतो, हे मी अनुभवाने सांगतो.

प्रश्न : माझा पुतण्या सैन्याच्या पॅराशूट रेजिमेंटमध्ये भरती झाला असून आग्र्याला त्याच्या उड्या होणार आहेत. त्याच्या पॅराशूटची घडी घालणाऱ्यांना काही द्यायची पद्धत आहे का? आम्ही त्याच्याजवळ पैसे पाठवू का? (हिंगणघाट)

उत्तर : भाऊ, पैसे मुळीच पाठवू नका. सैन्यदलांत पॅराशूटची घडी घालणारा माणूस पगारी सेवक असतो, त्याने केलेल्या प्रत्येक घडीची नोंद होते, तिच्याखाली त्याची सही असते, आणि त्या कामासाठी कोणाकडून रोख रक्कम घेणे त्याच्या सेवेच्या शिस्तीत बसत नाही. आग्र्याला पाच उड्या पूर्ण झाल्या, त्यातली एक रात्रीची असते, की तुमच्या पुतण्याच्या छातीवर पंख लागतील. त्या दिवशी त्याने वरिष्ठांना विचारून सेक्शनमध्ये पेढ्यांचा एक डबा नेला, तर कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. आमच्या सेक्शनमध्ये एक तरुण वैमानिक दाराशी आला की आधी विचारायचा, "माझी घडी कोणाच्या हातची?" आणि ज्याच्या हातची असेल त्याला नावाने नमस्कार करायचा. मिग-२१ उतरल्यावर वेग कमी करण्यासाठी शेपटीतून जे ब्रेक पॅराशूट सोडत असत, त्याच्याही घड्या आम्हीच घालायचो, आणि त्या कामाबद्दल तर सहसा कोणी विचारत नसे. तो मात्र तेही विचारायचा.

प्रश्न : काकाजी, मी मूळचा सेलू तालुक्यातला (जि. वर्धा), नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो आणि तिथे परवाना घेऊन एकट्याने उड्या मारतो. माझी घडी बहुधा केंद्रावरचा पॅकर घालतो. मागच्या महिन्यात मुख्य पॅराशूट उघडल्यावर दोऱ्यांना पीळ पडला, मी गरगर फिरू लागलो, तो पीळ सुटेना, म्हणून ते तोडून सोडून दिले आणि राखीव पॅराशूटवर सुखरूप उतरलो. आता सगळे सोबती म्हणतात की राखीव पॅराशूटची घडी ज्याने घातली त्याला दारूची बाटली द्यावीच लागते. आमच्या घरात कोणी दारूला शिवत नाही आणि मलाही ती विकत घ्यावीशी वाटत नाही. शिवाय मुख्य पॅराशूटच्या पॅकरला मी पूर्वीप्रमाणे टिप देत राहावी का, हाही प्रश्न मनात आहे.

उत्तर : आधी तुम्ही सुखरूप आहात याचा मनापासून आनंद व्यक्त करतो.

तुमचे सोबती सांगतात ती प्रथा खरी आहे आणि ती चांगली आहे. तुम्हाला माहीत आहेच, पण इतर वाचकांसाठी सांगतो की अमेरिकेत मुख्य पॅराशूटची घडी उडी मारणारा स्वतः घालू शकतो किंवा परवानाधारक रिगरच्या, म्हणजे पॅराशूट तपासून, दुरुस्त करून भरणाऱ्या तंत्रज्ञाच्या, देखरेखीखाली साधा पॅकरही घालू शकतो, पण राखीव पॅराशूट परवानाधारक रिगरनेच भरावे लागते. ते वापरले गेले नाही तरी दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा भरावे लागते. २००८ च्या शेवटापर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती. भरून झाले की रिगर त्यावर लाल धाग्याने शिशाचे सील लावतो, त्या सीलवर त्याची स्वतःची खूण असते, आणि सोबतच्या कार्डावर तारीख लिहून सही करतो. म्हणजे तुमचा जीव ज्या घडीने वाचला, ती कदाचित चार-पाच महिन्यांपूर्वी, दुसऱ्या गावात, तुम्हाला चेहऱ्याने ओळखतही नसलेल्या माणसाने घातलेली असेल. त्याने भरलेली बहुतेक राखीव पॅराशूट न वापरताच पुढच्या मुदतीला उघडली जातात, त्यामुळे आपले काम प्रत्यक्ष उपयोगी पडले हे त्याला आयुष्यात फार थोड्या वेळा कळते. बाटलीची प्रथा मुळात ही बातमी त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची आहे, असे मी समजतो.

म्हणून बाटलीच हवी असा हट्ट धरण्याचे कारण नाही. आपला वर्धा जिल्हा तर दारूबंदीचा जिल्हा आहे, आणि तिथल्या माणसाने गोरसपाकाचे डबे दिले तर त्यात कमीपणा कसला? पुढच्या खेपेस घरी याल तेव्हा गोरसपाक आणि नागपूरची संत्रा बर्फी सोबत न्या. गोरसपाक कोरडा असल्याने प्रवासात चांगला टिकतो, आणि बर्फी मात्र निघण्याच्या आदल्या दिवशीच घ्या. कार्डावरची तारीख पाहून एक छोटी चिठ्ठी लिहा : अमुक तारखेला आपण भरलेल्या राखीव पॅराशूटवर मी अमुक दिवशी उतरलो. त्या माणसाला मिठाईपेक्षा ती चिठ्ठी जपून ठेवावीशी वाटेल. तो जवळपास राहत असेल तर स्वतः जाऊन द्या, आणि तुमच्याकडे बाटली न देण्याचे कारण काय, तेही सांगा. चांगला माणूस त्याचा मान राखतो. एक मात्र पाळा. राखीव पॅराशूट आता पुन्हा भरून घ्यावे लागेल, त्याचे शुल्क पूर्ण द्या. ती त्याची मजुरी आहे आणि भेटवस्तू दिली म्हणून तिच्यात सवलत मागू नये, त्याने स्वतःहून देऊ केली तरी घेऊ नये.

आता मुख्य पॅराशूटच्या पॅकरबद्दल. दोऱ्यांना पीळ पडण्याची कारणे अनेक असतात. घडीत दोऱ्यांची वेटोळी एकसारखी नसणे हे त्यातले एक आहे, पण छत्री उघडण्याच्या क्षणी अंग एका बाजूला झुकलेले असणे, एक खांदा खाली गेलेला असणे, ही कारणेसुद्धा तेवढीच नेहमीची आहेत, आणि लहान, चपळ छत्री असेल तर थोड्या पिळानेही ती गरगरू लागते. त्यामुळे दोष त्याचाच, असे तुम्ही मनाशी धरून टिप बंद केलीत, तर सगळ्या केंद्रासमोर त्याला न बोलता दोषी ठरवल्यासारखे होईल. शंका असेल तर ती मुख्य रिगरकडे किंवा केंद्राच्या सुरक्षा प्रमुखाकडे शब्दांत मांडावी, उडीचे चित्रण असेल तर ते दाखवावे आणि त्या पॅकरलाही समोर बसवून बोलावे. टिप हे तक्रार करण्याचे साधन नव्हे. चौकशीत त्याची चूक खरोखरच आढळली, तर त्याच्याकडून घडी घालून घेणे थांबवावे लागेल, आणि तो निर्णय पन्नास-शंभर रुपयांच्या नव्हे, जिवाच्या हिशोबाने घ्यावा लागेल.

नेहमी उडी मारणाऱ्याने प्रत्येक घडीमागे टिप देण्याची गरज मला वाटत नाही. ठरलेला दर त्याच दिवशी, उधारी न ठेवता द्यावा. "पुढच्या रविवारी हिशोब करू" म्हणणारे उडी मारणारे सगळीकडे असतात आणि पॅकरचे खरे नुकसान तेच करतात. दिवसाच्या शेवटी किंवा हंगामाच्या शेवटी वर काही द्यावे. पॅराशूटची पिशवी बंद करायच्या दोरीचा फास झिजला असेल, रबर तुटले असेल, तर घडी टाकून निघून न जाता ते त्याला सांगावे. आणि स्वतःची घडी स्वतः घालायला जरूर शिका. तुमच्या हाताने ती शंभर वेळा घातल्यावर त्याच्या दराबद्दल घासाघीस करण्याचा विचारही तुमच्या मनात येणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा बारावीनंतर घरी होता. ओळखीतून तो परराज्यात एका ठिकाणी पॅराशूटच्या घड्या घालण्याचे काम शिकला आणि आता हंगामात तिथेच राहतो. लोक त्याला वरचे पैसे देतात असे तो सांगतो. गावात काही जण म्हणतात की पोरगा लोकांच्या बक्षिसीवर जगतो. मला ते फार लागते. त्याने ते पैसे घ्यावेत की नाही? (एक आई, समुद्रपूर तालुका)

उत्तर : बाई, त्याने घ्यावेत आणि तुम्ही मान खाली घालू नये.

१९२२ साली अमेरिकेत पॅराशूट बनवणाऱ्या लेस्ली आयर्विन यांच्या कंपनीने, विमानातून पॅराशूटने उडी घेऊन ज्यांचा जीव वाचला त्यांच्यासाठी एक मंडळ सुरू केले. तेव्हा पॅराशूट रेशमाची असत, म्हणून मंडळाला सुरवंटाचे नाव दिले आणि सभासदाला सुरवंटाच्या आकाराची छोटी पिन मिळत असे. ती पिन वाचलेल्या माणसाला मिळायची. घडी घालणाऱ्याला कोणतीच पिन नव्हती. आपल्या शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हा ते छायाचित्र महाराष्ट्रभर पाहिले गेले. अशा छायाचित्रात घडी घालणारा कुठेच दिसत नाही, आणि दिसण्याचे कारणही नसते. तुमचा मुलगा या न दिसणाऱ्या माणसांतला आहे. कोणी दोन पावले वाकडी करून त्याच्यापर्यंत येत असेल आणि हातावर काही ठेवत असेल, तर ते त्याच्या कामावर ठेवलेले आहे. गावातल्या त्या मंडळींना विचारा की स्वतःच्या मुलाचे वजन ते कोणाच्या हातच्या घडीवर टाकतील.

मात्र त्याला माझ्यातर्फे काही गोष्टी सांगा. उडीपूर्वी कोणी पैसे पुढे केले तर "उतरल्यावर भेटा" एवढेच म्हणावे आणि हात मागे घ्यावा. कोणाकडेही मागू नये, आणि ज्याने दिले नाही त्याच्या घडीतही तेवढाच वेळ घालवावा. सोबत्यांबरोबर काम केले असेल तर मिळालेले वाटून घ्यावे, नाहीतर चार दिवसांत चटईवर भांडण सुरू होते आणि भांडणात घातलेल्या घडीवर माझा तरी विश्वास नाही. जास्त घड्यांची जास्त मजुरी मिळते म्हणून रात्री अंधुक उजेडात किंवा अंग दुखत असताना घडी घालू नये; थकलो असे सांगणे या कामात कमीपणाचे नाही. घडी घालताना वजनासाठी ठेवलेल्या पिशव्या आणि हत्यारे काम संपल्यावर मोजावीत. आम्ही ती मोजल्याशिवाय टेबल सोडत नव्हतो, कारण आत राहिलेली एक वस्तू पुरेशी असते. आणि मध्येच कोणी हाक मारून उठवले, तर परत आल्यावर जिथे सोडले तिथून पुढे न जाता घडी उलगडून पहिल्यापासून सुरुवात करावी.

दर, कामाचे दिवस आणि आजारपणात काय, हे मालकाकडून लेखी घ्यावे, म्हणजे बक्षिसी ही बक्षिसीच राहील आणि मजुरीच्या जागी येऊन बसणार नाही. उड्या बंद असतात त्या पावसाळ्यात तो घरी येत असेल, तर त्याला मला एक पत्र लिहायला सांगा. रिगरचा परवाना मिळवण्यासाठी काय शिकावे लागते, ते मी त्याला कळवीन.